टोमॅटोचं बूड काळं का पडतं?

भातकापणी झाली, झोडणी उरकली की गावाकडच्या बायकांना उसंत मिळत असेल, असं शहरातल्या मैत्रिणींना वाटतं. आमच्या शहापूर-मुरबाडकडे तसं मुळीच नाही. ज्यांच्या विहिरीला, ओढ्याला थोडंफार पाणी असतं त्यांची लगेच भाजीपाल्याची लगबग सुरू होते. भेंडी, काकडी, वांगी, मिरची आणि टोमॅटो. कल्याणच्या बाजारात माल गेला की मुलांची फी, दवाखाना, गटाचा हप्ता असं बरंच काही त्यातून भागतं.

बचत गटांच्या कामानिमित्त या दोन्ही तालुक्यांत माझं फिरणं असतं. टोमॅटोवाल्या बायकांची एक तक्रार हमखास कानावर येते, "ताई, फळ वरून कसं छान दिसतं, अन् उलटं करून बघावं तर बूड काळं! दोनदा औषध मारलं, पण फरक नाही."

फरक पडणार कसा? कारण मैत्रिणींनो, हा बहुतेक वेळा रोग नसतोच! फळाच्या खालच्या टोकाला आधी पाणीदार डाग दिसतो, मग तो काळा, चामड्यासारखा आणि खोलगट होतो. यामागे कीड नाही की बुरशी नाही. फळाच्या त्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नसतं, एवढंच. म्हणजे फवारणीचे पैसे अक्षरशः पाण्यात.

कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच चढतं. पानं भराभरा पाणी ओढून घेतात, फळाच्या वाट्याला कमी येतं. त्यात चार दिवस वाफा कोरडा आणि पाचव्या दिवशी तुडुंब, असं झालं की टोकाची उपासमार ठरलेली. भरीला युरियाचा मारा केला तर पाला माजतो आणि फळ आणखीच मागे पडतं. तेव्हा उपाय दुकानात शोधण्याआधी मातीत शोधायला हवा.

आपली अडचण अशी, की भाताला जे हवं ते टोमॅटोला नको असतं. भातासाठी आपण चिखलणी करतो, पाणी कोंडून ठेवतो. पुढे तेच खाचर वाळलं की वर ढेकळं आणि खाली घट्ट थर. टोमॅटोच्या मुळांना मात्र हवा लागते, खोल जायला वाट लागते. म्हणून कापणीनंतर जमीन खोल नांगरावी, ढेकळं फोडून थोडे दिवस उन्हात तापू द्यावी आणि गादीवाफे किंवा उंच सऱ्या करूनच रोपं लावावीत. भाताचा एक फायदाही आहे. पाणी साचलेल्या खाचरात टोमॅटोच्या मर रोगाचे जंतू कमी होतात. वांगी-मिरचीच्या जागी पुन्हा टोमॅटो लावणं मात्र टाळावं. ही सगळी एकाच घरातली भावंडं, त्यांची दुखणीही सारखीच!

शेणखत हेक्टरी २० टन, म्हणजे गुंठ्याला साधारण २०० किलो घालावं. पण ते पूर्ण कुजलेलं हवं. मुठीत घेतल्यावर मातीसारखा वास आला पाहिजे, शेणासारखा नाही. ताज्या शेणाबरोबर हुमणी आणि तणाचं बी शेतात येतं. राबासाठी पालापाचोळा जाळतो, त्यातला थोडा खड्ड्यात कुजवला तरी उत्तम खत होतं.

आपल्याकडच्या धो धो पावसात जमिनीतला चुना वाहून जातो, माती आंबट होते. अशा मातीत घातलेलं स्फुरदही लोहाशी बांधलं जातं आणि मुळांना मिळत नाही. टोमॅटोला सामू ६ ते ७ च्या दरम्यान मानवतो. तो कमी असेल तर लागवडीच्या महिनाभर आधी चुना घालतात, पण माती तपासूनच, अंदाजाने नाही. चुलीची राखही थोडी घालावी, तिच्यात पालाश असतं. मात्र राख किंवा चुना युरियात कधीच मिसळू नये, नत्र उडून जातं. सुपर फॉस्फेट लागवडीच्या वेळी द्यावं, त्यात थोडं कॅल्शियमही असतं. युरिया एकदम न घालता हप्त्याहप्त्याने द्यावा. आणि अंड्याची टरफलं? टाका जरूर, पण ती फार सावकाश कुजतात, या हंगामात त्यांचा भरवसा नको.

राहिलं पाणी. भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. तिथे 'भरपूर पाणी द्या' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? पण आहे तेवढंच पाणी थोडं थोडं, नेमाने देता येतं. वाफ्यावर पेंढ्याचा चार बोटं थर पसरला की ओल टिकते. पेंढा तर आपल्या घरचाच!

आता माती तपासणीबद्दल. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी 'व्ही' आकाराचे खड्डे घ्यावेत. बांध, झाडाखालची जागा, खताचा ढीग टाळावा. सगळी माती एकत्र करून अर्धा किलो नमुना तपासायला द्यावा. २०१५ साली केंद्र सरकारने मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू केली. त्या पत्रिकेत सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश धरून १२ गोष्टी असतात.

मी बायकांना विचारते, "तुमच्या शेताची पत्रिका आली का?" उत्तर येतं, "आली असेल, ह्यांना माहीत." सातबारा त्यांच्या नावावर, म्हणून पत्रिकाही त्यांच्या नावाची. ती पत्र्याच्या पेटीत पडून राहते. खुरपणारी, पाणी देणारी, बूड काळं पडलेली फळं वेगळी काढणारी मात्र ती! खत किती आणायचं हे ठरवताना तिला कोणी विचारतच नाही.

म्हणून यंदा रोपं टाकायच्या आधी एवढं कराच. पेटीतली पत्रिका बाहेर काढा, गटाच्या बैठकीत आणा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या आणि सामूचा आकडा पाठ करा. गावात कृषी सहाय्यक आले की घरधन्याच्या मागे न थांबता पुढे होऊन विचारा, "साहेब, आमचा सामू एवढा आहे, चुना किती घालू?"