दोन वर्षांची एक ओळ

पक्षाघातातून बऱ्याच सावरलेल्या एक आजी मध्यंतरी तपासणीला आल्या होत्या. रक्तदाब आटोक्यात होता, पण चेहरा उतरलेला. लेक औषधे आणायला बाहेर गेली तशा त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्यापायी हिची नोकरी गेली. आता कोण घेणार हिला?" लेक एका व्यवस्थापन सल्लागार कंपनीत होती. आईच्या शुश्रूषेसाठी तिने दोन वर्षांपूर्वी काम सोडले. आता पुन्हा अर्ज करायचा, तर परिचयपत्रात त्या दोन वर्षांपाशी तिची लेखणी अडत होती.

वाचकहो, आपल्याही घरी कोणी असेच अडले असेल, तर खंड लपवू नये एवढे आधी सांगतो. या व्यवसायात परिचयपत्र बहुधा एकाच पानाचे असते. त्यात तारखांमधली फट दिसतेच. 'कौटुंबिक शुश्रूषेसाठी विराम' आणि पुढे वर्षे, एवढी ओळ पुरते. लिंक्डइननेही २०२२ मध्ये अशा विरामाच्या नोंदीची सोय केली. काहीजण या काळाला 'गृह-आरोग्य प्रकल्पप्रमुख' असे भारदस्त नाव देतात. मला ते हास्यास्पद वाटते. आजाराचे नाव मात्र लिहू नये. ती आईची खासगी बाब आहे, लेकीची अर्हता नव्हे. उरलेली जागा पूर्वीच्या कामाला द्यावी, आणि तीही आकड्यांसह: खर्च किती घटवला, कशामुळे घटला.

मुलाखतीत विरामाविषयी विचारतीलच. तिथे दोन वाक्ये पुरेत: कारण काय होते, आणि आता घरची व्यवस्था काय आहे. नेमका इथेच आवाज कापतो, म्हणून ही दोन वाक्ये घरी मोठ्याने म्हणून पाहावीत.

खरी परीक्षा असते 'केस'ची. समजा, एका बेकरीचा नफा घटला आहे, कारण शोधा. आम्ही डॉक्टर तापाचे कारण शोधतो, तशीच ही रीत आहे. आधी दोन वाटा करायच्या: उत्पन्न घटले की खर्च वाढला? उत्पन्न घटले असेल, तर गिऱ्हाईक कमी झाले की प्रत्येकाची खरेदी? एकेक शक्यता तपासून बाजूला ठेवायची. मॅकिन्झी कंपनीत १९६३ मध्ये दाखल झालेल्या बार्बरा मिंटो यांनी निष्कर्ष आधी आणि कारणे नंतर मांडण्याची पद्धत रूढ केली. आमच्या रुग्णांना ती कधी जमेल, देव जाणे!

आता माझ्या अधिकारातले. मुलाखतीच्या भीतीपोटी घरातल्या ज्येष्ठांच्या डबीतली गोळी घेणारी तरुण मंडळी मी पाहिली आहेत. झोपेसाठी दिलेल्या अल्प्राझोलामने स्मरण आणि सावधपणा दोन्ही मंदावतात. छातीची धडधड थांबवणारे प्रोप्रानोलॉल दमेकऱ्याला घातक ठरू शकते, आणि मधुमेहावर उपचार घेणाऱ्याच्या शरीरात साखर उतरल्याची खूण झाकून टाकते. आपली औषधे, कृपया, आपल्यापाशीच ठेवा. आदल्या रात्री जागून उजळणी करण्यापेक्षा झोप अधिक कामाची. दुपारनंतरची कॉफीही टाळावी; तिचा अंमल कित्येक तास राहतो.

त्या आजींना मी गोळी दिली नाही, एक काम दिले. रोज चहानंतर लेकीने एक केस त्यांच्यासमोर सोडवायची आणि समजले नाही तिथे त्यांनी अडवायचे. आजींचे शब्द अजून सावकाश येतात, त्यामुळे लेकीला थांबून ऐकावे लागते. मुलाखतीतही तेच लागते: प्रश्न पुरता ऐकून घेणे.

गेल्या खेपेस लेक हसत सांगत होती, "बेकरीच्या केसमध्ये मी भाडे, वीज, मजुरी सगळे मोजले. आई म्हणाली, 'अगं, समोर दुसरी बेकरी उघडली का, ते विचारलंस का?'"

मुलाखत येत्या मंगळवारी आहे. त्या दिवशी आजींपाशी शेजारच्या काकू बसणार आहेत.