आंबील आंबट, सुंबाला उग्र

हर्सूलकडे उन्हाळ्यात ज्वारीची आंबील होते. तिचा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा. पश्चिम आफ्रिकेतला सुंबाला हा झाडाच्या बियांचा मसाला मात्र आंबवूनही आंबट होत नाही, आणि मला हीच त्याची मोठी गंमत वाटते.

ज्या झाडाच्या बियांपासून तो करतात, ते आपल्याकडे रस्त्याकडेला लावलेल्या चेंडूफळाच्या झाडाचे आफ्रिकी भाऊबंद. दोन्ही झाडे पार्किया या वनस्पतिवंशातली (जीनस). मंगो पार्क या प्रवाशाच्या स्मरणार्थ वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी 1826 मध्ये हे नाव दिले. शेंगेतला पिवळा, पिठूळ गर गोड लागतो, तो तसाच खातात. बिया फार कठीण असतात. त्या कित्येक तास उकळून, टरफले काढून, पुन्हा शिजवून दोन-तीन दिवस झाकून ठेवतात. मग बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू प्रथिने फोडतो. त्यातून अमोनिया सुटतो, मिश्रण अल्कधर्मी होते आणि उग्र वास येतो. जपानी नाट्टोमागेही हाच जिवाणू आहे.

फुटलेल्या प्रथिनांतून ग्लुटामिक आम्ल मोकळे होते, म्हणून चिमूटभर सुंबाल्यानेही रस्सा मांस घातल्यासारखा भरीव लागतो. बियांत सुमारे तिसरा हिस्सा प्रथिने असतात. आंबवल्यावर ती पचायला सोपी होतात, रायबोफ्लेविनही वाढते. मांस न परवडणाऱ्या घरांत याचे मोल मोठे आहे. बाजारी मसाला-वड्या त्याची जागा घेत आहेत, याचे वाईट वाटते: त्यांत मुख्यतः मीठच असते.