मानवी तस्करीतून सुटका: चंदीगडमध्ये कोणती मदत मिळते?

ओळखीतला माणूस घरी येतो. चंदीगडला कोठीवर, म्हणजे बंगल्यावर, घरकाम आहे असे सांगतो, आईवडिलांच्या हातात उचल ठेवतो आणि मुलीला गाडीत बसवतो. तिथे पोहोचल्यावर तिचा फोन आणि आधार कार्ड काढून घेतले जाते, पगार मिळत नाही, बाहेर पडू दिले जात नाही. कधी घरकाम नसतेच, लग्नाच्या नावाखाली तिला पुढे विकले जाते. परराज्यातून अशा विकत आणलेल्या बायकांना हरियाणात ‘मोलकी’ म्हणतात.

ही मानवी तस्करी आहे. तरीही अनेक कुटुंबे तक्रार करत नाहीत, कारण “पैसे आम्हीच घेतले, ती स्वतःहून गेली” ही भीती मनात असते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 नुसार पीडित व्यक्तीने होकार दिला होता की नाही, याने गुन्हा ठरत किंवा पुसला जात नाही. पालकांना पैसे देऊन त्यांचा होकार मिळवणे हाही याच कलमात नमूद केलेला तस्करीचा मार्ग आहे. शिक्षा 7 ते 10 वर्षे. पीडित 18 वर्षांखालील असेल तर किमान 10 वर्षे ते जन्मठेप.

तक्रार कुठे करायची?

गावातल्या पोलीस ठाण्यातही करता येते. गुन्हा दुसऱ्या राज्यात घडला म्हणून ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही. ‘झिरो एफआयआर’ नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे पाठवावा लागतो आणि तुम्हाला त्याची प्रत मोफत मिळते. चंदीगडच्या बाबतीत ही तरतूद फार उपयोगी आहे. लोक सरसकट ‘चंदीगड’ म्हणतात, पण लागून असलेले मोहाली पंजाबात येते आणि पंचकुला हरियाणात, आणि तिघांचे पोलीस वेगळे. पत्ता नक्की माहीत नसेल तरी थांबू नका. सेक्टरचा नंबर, जवळची खूण, शेवटचा फोन कोणत्या नंबरवरून आला, एवढे सांगा.

तातडीच्या वेळी 112, मुलांसाठी 1098, महिलांसाठी 181, रेल्वेत किंवा स्थानकावर 139.

सुटकेनंतर

18 वर्षांखालील मुलाला किंवा मुलीला 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर केले जाते. महिलांना ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा आणि त्यापुढे शक्ती सदनात राहण्याची सोय आहे. पूर्वीच्या स्वाधार गृह आणि उज्ज्वला या योजना आता शक्ती सदनात एकत्र केल्या आहेत.

उचल देऊन किंवा कोंडून काम करून घेतले असेल तर ती वेठबिगारी ठरू शकते. 1976 च्या कायद्याने असे कर्ज रद्द होते, उचल फेडायची राहत नाही. वेठबिगार पुनर्वसन योजनेत पुरुषाला 1 लाख, महिला व मुलांना 2 लाख, आणि तस्करी किंवा लैंगिक शोषणातून सुटलेल्या महिला व मुलांना 3 लाख रुपयांची तरतूद आहे. यातली 30,000 रुपयांपर्यंतची तातडीची मदत खटल्याच्या निकालासाठी थांबत नाही. उरलेल्या रकमेला मात्र वेळ लागतो.

या सगळ्याला एक कागद लागतो: मुक्तता प्रमाणपत्र. सुटका झालेल्यांना लवकर गावी पाठवण्याची घाई होते आणि नेमका हाच कागद मागे राहतो. तो हातात आल्याशिवाय शक्यतो गाडीत बसू नका. चंदीगडमध्ये ‘जिल्हाधिकारी कार्यालय’ विचारले तर लोक गोंधळतील. तिथे या अधिकाऱ्याला डेप्युटी कमिश्नर म्हणतात. प्रमाणपत्र ते किंवा उपविभागीय दंडाधिकारी देतात.

अर्ज करायला वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. तस्करीच्या पीडितांना वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. नुकसानभरपाईचा अर्जही याच प्राधिकरणाकडे करता येतो.