बटण कुठं गेलं?

मित्रांनो, संगणकावर स्वतःचा छोटासा खेळ तयार करून पाहिलाय कधी? मग हा अनुभव तुम्हाला आलाच असेल. प्रोग्रॅम चालतो, चूक एकही दाखवत नाही, पण 'सुरू करा' हे बटण पडद्याच्या कडेला अर्धं कापलेलं! प्रोग्रॅम लिहायला मदत करणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या मदतनिसाला विचारावं, तर त्याला आधी फक्त अक्षरं कळत. पडदा दिसतच नसे. मग बसा सांगत, "थोडं डावीकडे... छे, त्या चौकटीच्या मागे!" फोनवरून कुणाला रांगोळी काढायला सांगून पाहा, म्हणजे कळेल.

१४ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतल्या ओपनएआय कंपनीच्या ग्रेग ब्रॉकमन यांनी एक गंमत करून दाखवली. वहीत हातानं काढलेल्या वेबसाइटच्या कच्च्या आराखड्याचा फोटो त्यांनी जीपीटी-४ ला दिला. त्यानं चक्क त्या वेबसाइटचा प्रोग्रॅम लिहून दिला!

तुम्ही म्हणाल, संगणकाला डोळे फुटले की काय? डोळेबिळे काही नाहीत, बरं का. गुगलच्या संशोधकांनी २०२० साली एक युक्ती मांडली होती. चित्राचे चौकोनी तुकडे करायचे, १६ ठिपके लांब, १६ रुंद. २२४ ठिपक्यांच्या चौरस चित्राचे असे १४ गुणिले १४, म्हणजे १९६ तुकडे होतात. एका तुकड्यात २५६ ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. झाले ७६८. (करा गुणाकार!) या आकड्यांपासून गणितानं जणू एक 'शब्द' बनतो. वाक्यातल्या शब्दांचे संबंध जुळवणारी यंत्रणा तयार होतीच, तिनं आता हे तुकडेही जुळवले. पण त्यांचा अर्थ? तो चित्र आणि त्याचं वर्णन अशा जोड्या दाखवून शिकवतात. २०२१ साली जाहीर झालेल्या क्लिप या मॉडेलला अशा ४० कोटी जोड्या दाखवल्या होत्या!

तरी फसगत होतेच. बारीक अक्षरं, काट्यांच्या घड्याळातली वेळ, गर्दीतल्या वस्तूंची मोजणी, इथं हा मदतनीस चुकतो, आणि चुकतो तेही अगदी ठामपणे. आणि आईबाबांनो, पडद्याचा फोटो पाठवण्याआधी कोपऱ्यात पासवर्ड किंवा घरचा पत्ता तर दिसत नाही ना, एवढं बघाच.

आता तुमचं ते बटण. फोटो दिलात की चौकट रुंद झालीय, हे तो बहुधा ओळखेल. दुरुस्तीही सुचवेल. पण लगेच "आता बटण नीट दिसतंय" असं म्हणाला, तर त्याला विचारा, "अरे, नवा फोटो तर मी दिलाच नाही. तुला दिसलं कुठून?"