मोटारीचें एंजिन कां तापतें?

वैशाखांत अकोल्याहून वाशीमकडे येतांना पातूरच्या पुढें घाट लागतो. तेथें एखादी जुनी मोटार बॉनेट उघडून उभी आहे आणि लग्नाचें वऱ्हाड वाफेकडे पाहत खोळंबलें आहे, हा देखावा वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. अशा वेळीं जो तो एकच उपाय सांगतो, "पाणी ओता!" परंतु एंजिन तापणें हें मनुष्याच्या ज्वरासारखें लक्षण होय, रोग निराळाच असतो. वैद्य जसा ताप केव्हां चढतो हें आधीं विचारतो, तसेंच येथेंहि विचारावें.

पेट्रोलच्या उष्णतेपैकीं साधारण चौथा हिस्साच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. निदान तितकाच पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. पंप तें पाणी एंजिनाभोंवतीं खेळवितो व रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातांना तें वाऱ्यानें निवतें. वाशीम समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटर उंच असल्यामुळें साधें पाणी येथें ९८ अंश सेंटिग्रेडलाच उकळतें. रेडिएटरचें झाकण आंतील दाब वाढवून ही मर्यादा शंभराच्या बरीच वर नेतें. म्हणून झाकणाचें रबर फाटलें तर बाकी सर्व ठीक असूनहि पाणी उकळतें. याच कारणास्तव तापलेल्या एंजिनाचें झाकण कदापि उघडूं नये. दाब सुटतांच उकळतें पाणी तोंडावर उसळतें. एंजिन पुरतें निवेपर्यंत थांबावें. घाईनें गार पाणी ओतल्यास ओतीव लोखंडास तडा जाण्याचें भय असतें.

आतां निदान. बाजाराच्या गर्दींत उभी असतां गाडी तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर दोष वाऱ्याचा समजावा. जुन्या मोटारींत पंखा व पंप बहुधा एकाच पट्ट्यानें फिरतात. एंजिन बंद करून तो बोटानें दाबून पाहावा. फार लवत असेल तर ढिला झाला आहे.

उलट, गांवांत ठीक चालणारी गाडी घाटांत किंवा वेगांत तापते, तर रेडिएटर तुंबला असण्याचा संभव अधिक. आमच्या जिल्ह्यांतील विहिरी काळ्या पाषाणांत खोदलेल्या, आणि पुष्कळांचें पाणी जड. चहाच्या भांड्याच्या तळाशीं जो पांढरा थर सांचतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत सांचतो, व त्यांतून उष्णता धातूच्या मानानें फारच मंद जाते. कुर्ल्याच्या कारखान्यांत बनलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईंत टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. ती कोणी हौसेनें घरीं जपली असेल, तर तींत विहिरीचें पाणी घालूं नये. शुद्ध केलेलें पाणी व शीतक द्रव यांचें मिश्रणच घालावें. गरम रेडिएटरवर हात फिरवून कोठें थंड पट्टे लागतात का पाहिलें, तर तुंबलेल्या जागा कळतात. मात्र एंजिन नुकतेंच बंद केलेलें असावें आणि हात जपून लावावा.

सुरू केल्यापासून थोड्याच वेळांत कांटा वर चढला, पण वरची रबरी नळी थंडच राहिली, तर थर्मोस्टॅट मिटून अडकला असावा. तो काढून भांड्यांत पाण्याबरोबर तापवावा; ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडला नाहीं तर बदलावा. कांहीं मिस्त्री तो कायमचा काढून टाकतात. हा उपाय मला पसंत नाहीं, कारण हिंवाळ्यांत एंजिन नीट ऊब धरीत नाहीं व झिजतें.

सर्वांत वाईट लक्षण म्हणजे गळती कोठें दिसत नसतां पाणी कमी होणें. सकाळीं एंजिन पूर्ण थंड असतां झाकण उघडून तें सुरू करावें. पाण्यांत बुडबुडे सारखे येत राहिले, तेल मोजण्याच्या कांडीवर दुधासारखा रंग दिसला, किंवा धुराड्यांतून एंजिन तापल्यावरहि पांढरी वाफ निघत राहिली, तर हेड गॅस्केट गेली असें समजावें. मग हेड उतरविल्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि तें काम घरच्या अंगणांत करण्याजोगें नव्हे.