करारनाम्याविना आलेला भाडेकरू

"ओळखीचा माणूस आहे, कागदाची काय घाई?" असे म्हणून आपल्याकडे गाळे आणि खोल्या सर्रास दिल्या जातात. किल्ली हाती जाते, पहिल्या महिन्याचे भाडे येते आणि करारनाम्यावरची सही पुढच्या जुम्म्यावर ढकलली जाते. ती होतच नाही.

पुढे खटका उडतो. मालक म्हणतो, मुदत अकरा महिन्यांची होती. भाडेकरू म्हणतो, मुदत ठरलीच नव्हती. खरे कोणाचे मानायचे? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे कलम ५५ स्पष्ट आहे. करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

रागाच्या भरात वीज-पाणी तोडू नये, गाळ्याला कुलूप ठोकू नये. आवश्यक सोयी तोडण्यास कलम २९ मनाई करते. जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो. मग आपलीच बाजू लंगडी पडते.

मग करावे काय? दोन जाणत्या माणसांसमोर बसून भाडे, अनामत, मुदत आणि वापर लिहून काढावा व करार नोंदवावा. तारीख आजचीच घालावी, मागची नव्हे. भाडे बँकेतून घ्यावे आणि दरमहा पावती द्यावी. भाडेकरू सहीला तयार नसेल तर जे ठरले होते ते वकिलामार्फत स्पीड पोस्टाने कळवावे. भाडे थकले तर आधी लेखी नोटीस द्यावी. थकबाकीवरून ताबा मागायचा दावा त्यानंतर ९० दिवस उलटल्याशिवाय लावता येत नाही.

जे कारागीर बंधू स्वतः भाड्याच्या गाळ्यात माग किंवा शिलाई मशीन चालवतात, त्यांनीही कागद मागून घ्यावा. रोख दिलेल्या अनामतीची पावती नसेल तर गाळा सोडताना ती रक्कम सिद्ध कशाने करणार?

आपण उधारीचा एक तागासुद्धा वहीत टिपून ठेवतो. लाखांचा गाळा मात्र तोंडी देतो. कागद मागितल्याने नाते तुटत नाही. कागद नसल्याने तुटलेली नाती बाजारात पुष्कळ आहेत.