माझी गोष्ट मीच सांगणार!

रिअ‍ॅलिटी शोमधला तो सीन तुम्हाला पाठ असेल. स्पर्धक माइक हातात घेतो आणि गाण्याआधी त्याचा व्हिडिओ सुरू होतो. पत्र्याचं घर, आईचे राबलेले हात, मागे करुण बासरी. परीक्षक डोळे पुसतात. खोटं कशाला बोलू, आपणही पुसतो. पण तो व्हिडिओ त्या मुलाने आधी पाहिला होता का? ‘वडिलांबद्दलचं तेवढं वाक्य काढा’ असं म्हणायची सोय त्याला होती का?

हा प्रश्न डोक्यात ठेवा आणि न्यू यॉर्कला चला. तिथे १९९२ साली पिंग चाँग या दिग्दर्शकाने एक नाटक केलं. नाव ‘अनडिझायरेबल एलिमेंट्स’, म्हणजे ‘नकोशी माणसं’. परक्यांना चिकटवलं जाणारं हे लेबल त्यांनी मुद्दामच नाटकाच्या कपाळावर लावलं. ते स्वतः टोरांटोत जन्मलेले, न्यू यॉर्कच्या चायनाटाउनमध्ये वाढलेले, आई-वडील कँटनीज ऑपेरातले कलाकार. त्या एका नाटकाची पुढे मालिकाच झाली. वेगवेगळ्या शहरांत, तिथल्याच माणसांना घेऊन पन्नासहून जास्त नाटकं उभी राहिली. प्रत्येक वेळी माणसं नवी, त्यामुळे संहिताही नवी.

रंगमंचावर दिसतं काय? अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येकासमोर संहिता ठेवायचा स्टँड आणि बसलेली पाच-सहा साधी माणसं. यातलं कुणी नट म्हणून आलेलं नसतं. एकेक जण आपलं नाव सांगतो, कुठे जन्मलो ते सांगतो, मध्येच आपल्या भाषेत बोलतो. मग साल पुकारलं जातं. त्या साली एका देशात युद्ध सुरू झालं, दुसऱ्या देशात कुणाच्या तरी आईचं लग्न झालं. सगळे मिळून टाळी वाजवतात आणि काळ पुढे सरकतो. खरी गंमत पुढे आहे. एकाची गोष्ट चालू असताना त्यातली आई, शिक्षक, सीमेवरचा अधिकारी यांची वाक्यं शेजारच्या खुर्चीवरची माणसं म्हणतात. म्हणजे एका मुलीच्या आईचा आवाज भलत्याच देशातल्या मुलाच्या तोंडून येतो.

‘कागद हातात? मग हे अभिवाचन झालं, नाटक कुठलं!’ असं आपल्याकडे कुणीतरी म्हणणारच. म्हणू दे. पण स्वतःच्याच आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस पाठ करून, रंगवून दाखवायचा म्हणजे काय होईल, विचार करा. समोर कागद असला की घसा दाटला तरी पुढचं वाक्य हाताशी असतं. शिवाय रोज रडून दाखवायची सक्ती उरत नाही. मला तरी तो कागद आधाराच्या काठीसारखा वाटतो.

ही संहिता तयार होते मुलाखतींमधून. तासन् तास गप्पा, मग लेखन, मग पुन्हा त्या माणसासमोर वाचन. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, यात ज्याची गोष्ट त्याचा शब्द चालतो. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. १९९२ सालीच न्यू यॉर्कमध्ये अ‍ॅना डेव्हियर स्मिथ यांचं ‘फायर्स इन द मिरर’ गाजत होतं. ब्रुकलिनमधल्या क्राउन हाइट्सच्या दंगलीनंतर त्यांनी ज्यू आणि कृष्णवर्णीय अशा दोन्ही बाजूंच्या लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्या सगळ्यांना एकटीने रंगमंचावर उभं केलं. जबरदस्तच काम. पण तिथे दुसऱ्यांची गोष्ट सांगणारी एक कसलेली अभिनेत्री होती. इथे ज्याच्यावर बेतली तोच खुर्चीवर बसलेला असतो, आणि प्रयोग संपल्यावर त्याला त्याच शहरात, त्याच शेजाऱ्यांमध्ये राहायचं असतं.

म्हणूनच याच मालिकेतलं ‘चिल्ड्रन ऑफ वॉर’ मला धाडसाचं वाटतं. २००२ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात झालेलं हे नाटक. अफगाणिस्तान, सोमालिया, सिएरा लिओन, एल साल्वादोर, इराकमधलं कुर्दिस्तान अशा ठिकाणांहून आलेली कोवळी मुलं त्यात होती. तुमच्या शेजारच्या बाकावर बसावीत अशा वयाची. ‘कुठून आलास?’ एवढंच विचारणाऱ्यांना ती आता पूर्ण उत्तर देत होती. स्थलांतरित कुटुंबांसाठी मानसिक आरोग्याचं काम करणारी एक संस्था सोबत होती. ती नसती, तर मुलांच्या जखमा तिकीट लावून दाखवल्यासारखं झालं असतं, हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. 

आणि २०१५चं ‘बियाँड सेक्रेड’. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या काळात मोठे झालेले न्यू यॉर्कचे पाच तरुण मुस्लिम. कुणी बाहेरून आलेलं, कुणी तिथलंच. धर्म एकच, पण पाच आयुष्यं पाच तऱ्हांची.

आपल्याकडे हे कितपत झालंय? पुण्यात महापालिकेच्या सफाई कामगारांनी अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली गो. पु. देशपांडे यांचं ‘सत्यशोधक’ केलं. ते मोठंच काम होतं, पण शब्द नाटककाराचे होते आणि गोष्ट जोतीराव फुल्यांची. दुसरीकडे पुण्याच्या कॉलेजांत अफगाणिस्तान, येमेन, सुदानची मुलं शिकतात. मेसमध्ये ती तुमच्यासोबत रांगेत असतात. मणिपूरहून आलेली असतात, बीड-नांदेडहून आलेलीही असतात. पुरुषोत्तम किंवा फिरोदिया जवळ आलं की आपण विषय शोधत फिरतो आणि निर्वासितावर एकांकिका लिहायला घेतो. त्याचं काम मात्र सदाशिव पेठेतला मित्र करतो, उच्चारासकट!

यंदा विषय शोधताना रूममेटशी बोलून बघा. फोनचं रेकॉर्डिंग लगेच सुरू करू नका. आधी चहा होऊ दे, तुमचीही गोष्ट त्याला कळू दे. त्याला सांगायचंच नसेल तर विषय तिथेच सोडा. लिहिलंत तर पहिला खर्डा त्यालाच वाचायला द्या, सोबत पेन्सिलही. आणि एखाद्या पानावर त्याने ‘हे नको’ म्हटलं, तर ते पान जाऊ दे, भले तोच तुमच्या एकांकिकेतला सगळ्यात भारी सीन असो.